यशवंतपूरभोवतीची बेरीज-वजाबाकी

पहाटे बेंगळुरूतल्या यशवंतपूरच्या बाजार आवारात ट्रक रिकामे व्हायला लागतात. महाराष्ट्रातला कांदा इथे वर्षानुवर्षं येत आला आहे. त्याच्या सोबतीला डाळी, तांदूळ, गूळ आणि नाचणी, म्हणजे इथली रागी. हमाल पोतं पाठीवर घेतो तेव्हा शिवणीतून थोडं पीठ सांडतं आणि त्या पिठात तिळाएवढा तांबूस किडा धावताना दिसतो. मराठी घरात याला पोरकिडा म्हणून झटकून टाकतात. जीवशास्त्राच्या इतिहासात मात्र त्याला मोठा मान आहे. सजीवांची संख्या कशी वाढते आणि कुठे अडते हे माणूस ज्या प्राण्यांकडून शिकला, त्यांत हा पहिल्या रांगेत बसतो.

यशवंतपूर स्टेशन केंद्र धरून नकाशावर एक वर्तुळ काढलं, तर या विषयातले किती तरी किस्से त्यात सापडतात. वाढायची ताकद प्रत्येक जिवात आहे. त्या वाढीची वेसण कोणाच्या हातात असते, हे शोधण्यात खरी गंमत आहे.

स्वतःचीच अंडी खाणारा

या तांबड्या किड्याचं शास्त्रीय नाव ट्रायबोलियम. मादी आयुष्यात काहीशे अंडी घालते. सगळी जगली तर वर्षभरात दुकानात पिठापेक्षा किडेच जास्त दिसतील. तसं होत नाही, कारण पिठातून फिरताना किडे आणि अळ्या वाटेत आलेली अंडी खाऊन टाकतात. गर्दी वाढली की अंड्याशी गाठ पडण्याची शक्यता वाढते आणि तितकी जास्त अंडी फस्त होतात. म्हणजे वेसण त्यांच्याच तोंडात.

रॉयल चॅपमन या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाने १९२८ साली हे मोजून दाखवलं. सुरुवातीला जोड्या कमी सोडा की जास्त, शेवटी दर ग्रॅम पिठामागे किड्यांची संख्या साधारण एकाच आकड्यावर येऊन थांबायची. पीठ दुप्पट केलं तर किडेही दुप्पट. शिवाय गर्दी झाली की हे किडे क्विनोन नावाची उग्र वासाची रसायनं सोडतात आणि पिठाला गुलाबीसर झाक येते. असं पीठ जुन्या बायका वासावरूनच ओळखायच्या आणि घरात ठेवायच्या नाहीत. त्या बरोबर होत्या.

पुढे शिकागोच्या थॉमस पार्क यांनी ट्रायबोलियमच्या दोन सख्ख्या जातींना एकाच पिठात सोडून त्यांची कुस्ती लावली. १९४८ साली निकाल छापले. पिठात एक सूक्ष्म परजीवी होता तेव्हा ७४ पैकी ६६ लढती पहिल्या जातीने जिंकल्या. परजीवी काढून टाकला आणि पारडं फिरलं: १८ पैकी १२ लढती दुसरीने मारल्या. डोळ्याला न दिसणारा तिसराच कोणी निकाल ठरवत होता. पुढच्या प्रयोगांत हवेनेही पंचगिरी केली. उबदार दमट हवेत एक जिंकायची, थंड कोरड्या हवेत दुसरी.

मुगाच्या दाण्यावरचा पांढरा ठिपका

भुंगेरा लागलेले मूग हातात घेऊन नीट बघा. दाण्यावर पांढरे ठिपके दिसतील. ती अंडी. मादी अंडं दाण्याला चिकटवते, अळी बाहेर न येता थेट दाण्यात शिरते आणि आतलं खाऊन, गोल खिडकी पाडून, पूर्ण वाढलेला भुंगेरा होऊनच बाहेर येते. एवढ्याशा दाण्यात फार तोंडं पोसली जात नाहीत. मादीला हे कळतं! ज्या दाण्यावर आधीच अंडं आहे तो शक्यतो टाळून ती मोकळा दाणा शोधते. त्यामुळे अंडी ढिगात एकाच जागी न पडता दाण्यागणिक वाटली जातात. पंगतीत पानं मांडणाऱ्याला असा हिशेब अवघड जातो, इथे तो काही मिलिमीटरचा किडा करतो.

कडधान्याला तेलाचा हात लावून ठेवायची आपल्याकडची रीत इथेच लागू पडते. तेलाच्या पातळ थराखाली अंड्याला हवा मिळत नाही.

एका दिवसात ७८ वाघिणी

बेंगळुरूत राहायचं तर डोशाचं पीठ भिजवावंच लागतं. त्या पिठात जे घडतं त्याचं गणित करून बघा. चांगल्या उबेत, भरपूर अन्नात काही जिवाणू दर २० मिनिटांनी दुप्पट होतात. एका जिवाणूपासून सुरू करून २४ तास हाच वेग टिकला तर ७२ वेळा दुप्पट. एकाचं वजन ग्रॅमच्या एक लाख-कोटीव्या भागाइतकं, म्हणजे नगण्य. तरी बेरीज होते सुमारे ४,७०० टन. यशवंतपूरच्या यार्डात उभ्या असणाऱ्या मालगाड्यांतल्या ६० टनांच्या वाघिणी धरल्या तर ७८ वाघिणी भरतील. आणखी २४ तास दिले तर पृथ्वीच्या वजनाची साडेतीन हजार पटींहून जास्त.

प्रत्यक्षात सकाळी पातेलं उतू गेलेलं असतं, एवढंच. उडदासोबत आलेला ल्युकोनॉस्टॉक हा जिवाणू आधी जोर धरतो, वायू सोडतो आणि पीठ फुगवतो. त्यातच आम्लही तयार होत जातं. पीठ आंबट होतं आणि तेच आम्ल बनवणाऱ्याला महागात पडतं. मग जास्त आंबट सोसणारे दुसरे जिवाणू पुढे सरकतात आणि आणखी आंबटपणात तेही मंदावतात. विरजणाचंही तसंच. चमचाभर विरजण पातेलंभर दुधाला पुरतं, पण दही लागलं की तिथली वाढ जवळपास थांबते. आधी सावकाश, मग झपाट्याने, मग पुन्हा सावकाश. ही वाढीची वळणदार रेघ आपल्या ओट्यावर रोज रात्री काढली जाते. बेंगळुरूच्या डिसेंबरात पीठ उशिरा फुगतं, तेव्हा रेघ तीच असते, फक्त लांबलेली.

नारायण पंडितांची गाय

१३५६ सालच्या ‘गणितकौमुदी’ या ग्रंथात नारायण पंडितांनी एक गोड कोडं घातलं आहे. एक गाय दरवर्षी एक कालवड देते. ती कालवड तीन वर्षांची झाली की तीही दरवर्षी एक देऊ लागते. २० वर्षांत त्या गाईचा वंश किती? उत्तर २,७४४. मूळ गाय धरली तर २,७४५. त्यांत सात पिढ्या एकाच वेळी नांदताना दिसतात: २० लेकी, १५३ नाती, ५६० पणत्या आणि पुढे. सातव्या पिढीच्या मात्र फक्त आठच.

युरोपातलं फिबोनाचीचं सशांचं कोडं १२०२ सालचं. ते सगळ्यांना पाठ असतं. नारायण पंडितांची गाय आपल्या शाळांत का शिकवत नाहीत, याचं मला खरोखर वाईट वाटतं. कारण तिच्यात सशांपेक्षा एक गोष्ट जास्त खरी आहे. वयात यायला लागणारा वेळ तिने मोठा धरला आहे, आणि वाढीचा वेग बहुतेक वेळा तिथेच ठरतो. मुलं किती होतात याइतकंच ती किती लवकर होतात हे महत्त्वाचं.

डार्विनचे हत्ती चुकले होते

सावकाश वाढणाऱ्यांतही सर्वांत सावकाश कोण, असा विचार करून डार्विनने हत्ती निवडला. १८५९ साली ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’च्या पहिल्या आवृत्तीत त्याने लिहिलं की एका जोडीपासून ५०० वर्षांत दीड कोटी हत्ती होतील. दहा वर्षांनी एका वाचकाने नियतकालिकात पत्र पाठवून विचारलं, हे गणित बसतं कसं? डार्विनने पुन्हा मांडणी केली आणि पुढच्या आवृत्तीत आकडा बदलला: ७४० ते ७५० वर्षांनी सुमारे १ कोटी ९० लाख. जगभर गाजलेल्या पुस्तकाच्या लेखकाने वाचकाचं ऐकून आकडा दुरुस्त केला, हे मला त्या दीड कोटी हत्तींपेक्षा मोठं वाटतं.

खरी हत्तीण २० ते २२ महिने गाभण असते आणि दोन पिल्लांत साधारण चार-पाच वर्षांचं अंतर पडतं. हे आपल्या जंगलात बसून मोजणाऱ्यांत रामन सुकुमार यांचं नाव आघाडीवर आहे. त्यांचं काम यशवंतपूरला लागून असलेल्या भारतीय विज्ञान संस्थेतलं. बेंगळुरूचे जुने लोक तिला अजून टाटा इन्स्टिट्यूट म्हणतात. १९८८ साली याच संस्थेच्या लोकांनी मुदुमलाईच्या जंगलात ५० हेक्टरचा तुकडा आखला आणि त्यातल्या एक सेंटिमीटरहून जाड प्रत्येक झाडाला क्रमांक दिला. तेव्हापासून त्या झाडांची जनगणना चालू आहे. कोण जन्मलं, कोण वाळलं, कोणाला वणव्याने नेलं, कोणाची साल हत्तीने सोलली.

माल्थसचे विद्यार्थी हिंदुस्थानात

अन्न बेरजेने वाढतं, तोंडं पटीत वाढतात, हे १७९८ साली लिहिणारा थॉमस माल्थस पुढे १८०५ पासून मरेपर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या इंग्लंडमधल्या कॉलेजात प्राध्यापक होता. हिंदुस्थानात पाठवायचे अधिकारी तिथे घडत.

माल्थसने भीती मांडली, समीकरण मांडलं ते बेल्जियमच्या पिएर व्हेरहुल्स्टने, १८३८ साली. गर्दी वाढेल तसा वेग कमी होत जातो आणि संख्या एका छतापाशी टेकते. तो ४४ वर्षांचा असताना वारला आणि त्याचं समीकरण धूळ खात पडलं. १९२० साली अमेरिकेत रेमंड पर्ल आणि लोवेल रीड यांनी ते स्वतंत्रपणे पुन्हा शोधलं. पर्लने दुधाच्या बाटल्यांत फळमाश्या वाढवल्या, त्या छान छताला टेकल्या. मग त्याच समीकरणाने अमेरिकेच्या लोकसंख्येचं छत काढलं: सुमारे १९ कोटी ७० लाख. १९६७ साली अमेरिका २० कोटींच्या पुढे गेली. माशीला बाटली मोठी करता येत नाही, माणूस ती करत राहतो.

पुण्याचा माणूस आणि म्हातारी उडवणारं फूल

पुण्यात वाढलेले माधव गाडगीळ हार्वर्डला गेले. तिथे त्यांना एक प्रश्न चिकटला. काही जीव ढीगभर पिल्लं टाकून मरतात, काही मोजकीच वाढवून दीर्घकाळ जगतात. हे कोण ठरवतं? १९७२ साली ओटो सोलब्रिग यांच्याबरोबर त्यांनी याचं उत्तर एका पिवळ्या रानफुलात शोधलं. डँडेलियन. फुंकर मारली की म्हातारी उडते, तेच. मिशिगनमध्ये जिथे गवत सतत कापलं आणि तुडवलं जायचं, तिथली डँडेलियनची झाडं आपली ताकद बियांत जास्त ओतायची. जिथे त्रास कमी आणि शेजाऱ्यांची दाटी जास्त, तिथली झाडं पानांत आणि टिकण्यात ती घालायची. एकाच फुलाचे हे दोन संसार! उद्याचा भरवसा नसलेला आणि गर्दीत पाय रोवून उभा राहणारा.

१९७३ साली गाडगीळ आणि हवामानशास्त्रज्ञ सुलोचना गाडगीळ हे जोडपं बेंगळुरूच्या विज्ञान संस्थेत आलं. १९८३ साली तिथे परिसर विज्ञानाचं केंद्र सुरू झालं. आजही त्या आवाराच्या झाडीत रात्री स्लेंडर लोरिस हा मूठभर, मोठ्या डोळ्यांचा प्राणी हिंडतो. कन्नडमध्ये त्याला ‘काडुपापा’ म्हणतात, म्हणजे रानातलं बाळ. पलीकडे यशवंतपूरची रहदारी आणि अलीकडे हे बाळ. तो फांदीवरून फांदीवर चालत जातो, उड्या मारत नाही. म्हणून दोन झाडांच्या फांद्या जिथे एकमेकींना टेकत नाहीत, तिथे त्याचं जग संपतं.

गाडगीळांच्या सगळ्या कामांत मला उत्तर कन्नडमधली बांबूची गोष्ट सर्वांत जवळची वाटते. कारवार-दांडेलीचा तो पट्टा मराठी-कोकणी कानांना ओळखीचा. कागद गिरण्यांना बांबू पुरवता पुरवता बेटं विरळ होत चालली. कारण काय? गावकरी तोडतात आणि गुरं चारतात, असं सहज म्हटलं जायचं. जंगलातली माणसं वेगळं सांगत होती. तोडणीवाले बेटाच्या बुडाशी असलेलं काटेरी जाळं ‘साफसफाई’ म्हणून छाटून टाकत होते. त्या काट्यांआड कोवळे कोंब सुरक्षित असायचे. काटे गेले की गुरं, माकडं, साळिंदर कोंबांवर तुटून पडायची. मोजणी केली आणि गावकऱ्यांचं म्हणणं खरं निघालं. बेटाची पुढची पिढी त्या काट्यांनीच सांभाळली होती.

४८ वर्षांनी येणारे उंदीर

बांबूवरून आठवलं. मिझोराममधला एक बांबू साधारण ४८ वर्षांनी एकदम फुलतो, फळतो आणि मरतो. १९५९ च्या सुमारास फुलला, मग २००७ च्या सुमारास. इतकी फळं एकाच वेळी पडतात की उंदरांना ती संपत नाहीत. काही बिया उरतातच, आणि झाडाचा डाव तोच असतो. पण मधल्या काळात पोट भरलेले उंदीर बेसुमार वाढतात आणि फळं संपली की भातशेतीकडे वळतात. मिझो लोक याला ‘मौताम’ म्हणतात. १९५९ च्या दुष्काळात लोकांना मदत करायला उभी राहिलेली संघटना पुढे मिझो नॅशनल फ्रंट झाली आणि १९६६ साली उठाव झाला. एका बांबूच्या बहराने राज्याचा इतिहास वळवला.

जक्कूरच्या माश्या, नऊ बाटल्यांची सोसायटी

यशवंतपूरहून ईशान्येला जक्कूरला जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्र आहे. तिथे अमिताभ जोशी यांच्या प्रयोगशाळेत केळ्यावर घोंगावणाऱ्या त्या बारीक फळमाश्यांच्या पिढ्यान् पिढ्या मोजल्या जातात. माश्यांची संख्या डचमळवायची युक्ती ऐका. मोठ्या माश्यांना पौष्टिक यीस्ट द्यायचं, पण अळ्यांचं अन्न तुटपुंजं ठेवायचं. आया भरपूर अंडी घालतात, अळ्या उपाशी मरतात, पुढची पिढी कोसळते. कोसळल्यावर उरलेल्या थोड्या अळ्यांना पोटभर मिळतं आणि संख्या पुन्हा उसळते. एक पिढी सुकाळाची, एक दुष्काळाची.

सुतीर्थ डे आणि जोशी यांनी अशा नऊ बाटल्यांचं वर्तुळ केलं आणि शेजारच्या बाटल्यांत थोड्या माश्या हलवत राहिले. २००६ साली ‘सायन्स’ नियतकालिकात निकाल छापून आला. स्थलांतर कमी, दहा टक्के ठेवलं, तेव्हा सगळ्या बाटल्यांची मिळून संख्या स्थिर राहिली. ३० टक्के केलं तर सगळ्या बाटल्या एकाच तालात वर-खाली व्हायला लागल्या. कमी ये-जा असली की एका बाटलीत दुष्काळ असताना शेजारी सुकाळ असतो आणि एक दुसरीला सावरते. जास्त ये-जा झाली की सगळ्यांचा दुष्काळ एकाच दिवशी. डे पुढे पुण्याच्या आयसरमध्ये गेले. म्हणजे जक्कूरच्या माश्यांचं घराणं आता पाषाणलाही गातं.

उंबराच्या आतली लोकल

उंबर फोडलं की आत किडे, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. ते साधे किडे नाहीत, गांधीलमाशीच्या कुळातल्या इवल्या माश्या आहेत. रेनी बॉर्जेस आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी विज्ञान संस्थेत बसून या उंबराचा संसार उलगडला. एक जात परागण करते. मादी बारीक भोकातून आत शिरते, पंख तुटतात, परागकण पोचवते, अंडी घालते आणि तिथेच मरते. बाकीच्या सहा जाती बाहेरून भोक पाडून आत अंडी सोडतात. त्यांच्यातल्या एकीची अंडी घालायची नळी केसाहून बारीक असते आणि तिच्या टोकाला जस्त असतं. लाकडासारखं कच्चं उंबर त्या जस्ताच्या टोकाने भोसकायचं! हेही याच संस्थेत मोजलं गेलं.

आता याहून सुंदर भाग. बाहेर उडणाऱ्या मादीच्या अंगावर सूक्ष्म गोलकृमी बसून नव्या उंबरात जातात. एका माशीवर फार प्रवासी चढले तर माशी वाटेतच पडेल आणि सगळेच बुडतील. म्हणून हे कृमी चढण्यापूर्वी वासावरून अंदाज घेतात की या गाडीत आधी कोण आणि किती बसलंय. यशवंतपूरच्या फलाटावर जनरल डब्यात डोकावून पुढच्या डब्याकडे पळणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

उंबरात कितीही माश्या आल्या तरी जागा मोजकी. आतलं प्रत्येक मादी फूल एक तर बी होतं, नाही तर एका माशीचा पाळणा.

वाघाचा किराणा

वन्यजीव अभ्यासक उल्लास कारंत यांनी नागरहोळेत वर्षानुवर्षं स्वयंचलित कॅमेरे लावून वाघ मोजले. पट्ट्यांवरून ओळखायचे, जसे बोटांचे ठसे. त्यांचा साधा हिशेब असा: एक वाघ वर्षाला साधारण ५० मोठी जनावरं मारतो. चितळ, सांबर, गवा. हा साठा दरवर्षी भरून निघायचा तर रानात सुमारे ५०० जनावरं हवीत. वाघ वाढवायचे असतील तर आधी चितळं वाढवा. ताडोबात फोटो काढताना आपण पट्ट्यांकडे बघतो, वाघाची संख्या मात्र चितळांच्या गवतात ठरत असते.

जलपर्णीवर सोंडकिडे सोडले

बेंगळुरूच्या तळ्यांचं जलपर्णीचं दुखणं पुणेकरांना आणि पिंपरी-चिंचवडकरांना नवं नाही. पवना-इंद्रायणीवर दरवर्षी हिरवी चादर पसरते. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेची. अनुकूल पाण्यात दोन आठवड्यांत दुप्पट होते. तिचे खाणारे मायदेशीच राहिले होते. म्हणून १९८० च्या दशकात हेसरघट्ट्याच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेने, यशवंतपूरपासून सुमारे २० किलोमीटरवर, तिचा खाणारा आणला. निओचेटिना नावाचा सोंडकिडा. तो पानं खरवडतो, त्याची अळी देठ पोखरते, झाड पाण्यात बसतं. बेंगळुरूच्या तळ्यांत तो सोडला आणि काही वर्षांत तळीच्या तळी मोकळी दिसू लागली. जलपर्णी संपत आली की सोंडकिडाही उपासमारीने कमी होतो. मग दोघंही थोडे थोडे शिल्लक राहतात.

पण या तोलाला एका गोष्टीपुढे हात टेकावे लागतात: सांडपाणी. शहर वाढलं, तळ्यात खतासारखं पाणी येत राहिलं आणि झाडाच्या वाढीपुढे किड्याची भूक कमी पडली. बेळ्ळंदूर तळ्याचा फेस रस्त्यावर आला, २०१७ साली त्या तळ्याच्या काठाला आगही लागली. ही बातमी मी आजही सहजपणे वाचू शकत नाही.

एक अंडं

नैर्ऋत्येला सुमारे ५० किलोमीटरवर रामनगरच्या उभ्या खडकांत ‘शोले’चं चित्रीकरण झालं. तिथेच लांब चोचीची गिधाडं घरटी करतात आणि २०१२ साली तिथे गिधाडांसाठी अभयारण्य जाहीर झालं. गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं, वयात यायला सुमारे पाच वर्षं लावतं. हा जुगार चालतो, कारण मोठं झालेलं गिधाड खूप वर्षं जगतं. ते जगणंच तुटलं तर भरपाई व्हायला जागाच नाही.

गुरांना वेदना कमी करायला दिलेलं डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावरातून गिधाडाच्या पोटात गेलं आणि मूत्रपिंडं बंद पडली. पांढऱ्या पाठीचं गिधाड १९९२ ते २००७ या काळात भारतात ९९.९ टक्क्यांनी घटलं. सर्वांत भयंकर आकडा पुढचा आहे. एवढी पडझड व्हायला शंभरातलं एखादं कलेवरही विषारी असण्याची गरज नव्हती, एक टक्क्याहून कमी पुरत होतं. गुरांसाठी हे औषध बनवण्यावर २००६ साली बंदी आली.

पुण्याचा प्रश्न, बेंगळुरूचं उत्तर

१९५० च्या दशकाच्या मध्यात पुण्यात एक नवं तण दिसलं आणि १९५६ साली त्याची नोंद छापली गेली. पार्थेनियम. आपण गाजर गवत म्हणतो, इथे काँग्रेस गिडा. एका झाडाला १५ ते २५ हजार बिया. हात लावला तर अंगावर खाज, परागांनी श्वास कोंडतो, गुरांनी खाल्लं तर दूध कडू. पुढे ते देशभर पसरलं. रेल्वेरुळांच्या कडेने ते यशवंतपुरालाही पोचलं आणि अजून तिथे आहे.

याचाही शत्रू मेक्सिकोत होता. १९८३ साली तिथून झायगोग्रामा हा भुंगेरा आणला, नीट तपासला आणि १९८४ साली बेंगळुरूत मोकळा सोडला. पांढरट पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा, दिसायला देखणा. चार-पाच वर्षांत शहराभोवती एकरच्या एकर गाजर गवताच्या काड्या उभ्या राहिल्या, पानंच नाहीत. मग १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ओरड झाली: हा सूर्यफूल खातोय! सगळ्यांची धडधड वाढली. तपासाअंती कळलं की शेजारच्या गाजर गवताचे परागकण सूर्यफुलाच्या पानांवर पडले होते आणि भुंगेरा त्या परागांनी फसला होता. पुढे महाराष्ट्रातल्या कृषी विद्यापीठांनीही तो शेतकऱ्यांना वाटला. ‘मेक्सिकन भुंगा’ म्हणून लोक त्याला ओळखतात.

उन्हाळ्यात तो कुठेच दिसत नाही. मातीत शिरून, काही न खाता, महिनोन् महिने पडून राहतो. वळीव पडला, गाजर गवत पुन्हा उगवलं की तोही वर येतो. म्हणून जूनमध्ये यशवंतपूरला पंढरपूरची गाडी यायला वेळ असेल, तर फलाट संपतो तिथल्या गाजर गवताचं एखादं पान काडीने उलटून बघा. पानाच्या पाठीला पिवळसर अंडी चिकटलेली असतील.